अपवाद की जुना नियम? : डच क्रियापदांचा भूतकाळ

(द्वितीय वर्ष कला, मराठी विभाग)

आमच्या वेंगुर्ल्यात जुन्या डच वखारीचे अवशेष आहेत. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी येथे ठाणे मांडले, व्यापार केला आणि जवळच्या गोव्यातील पोर्तुगिजांवर नजरही ठेवली. लहानपणापासून मी या भिंती पाहत आले. पण ‘ही माणसे आपसांत बोलत तरी कशी असतील?’ हा प्रश्न मला पडला तो गेल्या वर्षी, भाषाविज्ञानाचा अभ्यास सुरू झाल्यावर. चौकशी केली तेव्हा मोबाइलवर डच भाषेचे प्राथमिक धडे फुकट मिळतात असे कळले. रोज रात्री अर्धा तास याप्रमाणे शिकू लागले. वर्तमानकाळ सुरळीत पार पडला. भूतकाळापाशी मात्र गाडी अडली. तेथे क्रियापदांची एक लांबलचक यादी होती आणि वर सूचना होती : ‘ही क्रियापदे अनियमित आहेत, पाठ करावीत.’

‘अनियमित’ हा शब्द मला जरा लागला. त्याला कारण आहे. इयत्ता पाचवीत असताना ‘पावसाळा’ या विषयावरील निबंधात मी ‘पाऊस इलो’ असे लिहिले होते. आमच्या मालवणी बोलीत ‘आला’ या अर्थी ‘इलो’ म्हणतात. गुरुजींनी त्या शब्दाभोवती तांबडी रेघ ओढली, वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले आणि ‘ह्याला ना नियम, ना व्याकरण’ असे म्हणाले. वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसले, आणि घरी जाऊन आईला ‘इलो म्हणू नकोस’ असे बजावले. आई शाळेत गेलेली नाही. ती काही बोलली नाही.

तेव्हापासून नियमात न बसणारे रूप म्हणजे बिघडलेले रूप, अशी माझी समजूत होती. डच भाषेच्या त्या यादीने ती समजूत खोटी ठरवली. ते कसे, हे वाचकांसमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम उच्चारांविषयी थोडेसे. डच शब्द मी देवनागरीत जवळच्या उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. डच त आणि द आपल्या दंत्य त-द यांच्या जवळचे आहेत. ‘ख’ हा घशातून घासून काढायचा आहे. क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी ‘अन’ येतो. आपल्या ‘करणे’, ‘बोलणे’ यांतील ‘णे’सारखे त्याचे काम. आणखी एक गोष्ट म्हणजे शब्दाच्या अगदी शेवटी डच माणूस सघोष व्यंजन उच्चारीत नाही. तेथे द चा त होतो, व चा फ होतो आणि झ चा स होतो.

नियमित क्रियापदे

डच भाषेतील नियमित भूतकाळ अगदी सोपा आहे. धातूला ‘ते’ किंवा ‘दे’ हा प्रत्यय लावला की काम झाले.

माकन (करणे, बनवणे) – माक्ते – खमाक्त
वेर्कन (काम करणे) – वेर्कते – खवेर्क्त
वोनन (राहणे) – वोन्दे – खवोन्त
होरन (ऐकणे) – होर्दे – खहोर्त

पहिले रूप क्रियापदाचे मूळ रूप, दुसरे साध्या भूतकाळाचे, तिसरे भूतकालवाचक धातुसाधित. हे तिसरे रूप ‘हेबन’ (जवळ असणे) किंवा ‘झैन’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाबरोबर येते आणि आपल्या ‘केले आहे’, ‘गेला आहे’ यांसारखा अर्थ देते. त्याच्या आरंभी बहुधा ‘ख’ हा उपसर्ग असतो.

आता ‘ते’ कोठे आणि ‘दे’ कोठे? हे लक्षात राहावे म्हणून डच मुलांना ‘अत् कॉफस्खिप’ असा शब्द शिकवतात. ‘कॉफ’ हा जुन्या काळच्या व्यापारी गलबताचा एक प्रकार, आणि ‘स्खिप’ म्हणजे जहाज. या शब्दात जी व्यंजने आहेत, म्हणजे त, क, फ, स, ख, प, त्यांपैकी एक धातूच्या शेवटी असेल तर ‘ते’ लावायचा, एरवी ‘दे’. आपल्या वर्णमालेचे वर्ग आठवले की ध्यानात येईल, ही सगळी व्यंजने अघोष आहेत. म्हणजे अघोषापुढे अघोष त आणि सघोषापुढे सघोष द. संस्कृत व्यंजनसंधी शिकलेल्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. डच मुलाला जेथे गलबत लागते, तेथे आपले काम वर्णमालेवर भागते.

अनियमितांची यादी

आता त्या यादीकडे वळू. तिच्यातील काही क्रियापदे अशी :

लोपन (चालणे) – लीप – खलोपन
स्ख्रैवन (लिहिणे) – स्ख्रेफ – खस्ख्रेवन
द्रिंकन (पिणे) – द्रॉंक – खद्रॉंकन
नेमन (घेणे) – नम – खनोमन
खेवन (देणे) – खफ – खखेवन

येथे ना ‘ते’ आहे ना ‘दे’. धातूच्या पोटातील स्वरच बदलतो. पहिले दोन आठवडे मी ही यादी पाढे म्हणावेत तशी म्हणत होते. मग कंटाळून एकदा वहीवर वेगळीच मांडणी करून पाहिली. सारख्या स्वरांची क्रियापदे एकाखाली एक लिहिली. तेव्हा दिसले ते असे :

ऐ – ए – ए : स्ख्रैवन – स्ख्रेफ – खस्ख्रेवन, ब्लैवन (थांबणे, उरणे) – ब्लेफ – खब्लेवन, कैकन (पाहणे) – केक – खकेकन

ई – ओ – ओ : बीदन (देऊ करणे) – बोत – खबोदन, कीझन (निवडणे) – कोस – खकोझन

इ – ऑ – ऑ : द्रिंकन – द्रॉंक – खद्रॉंकन, विंदन (सापडणे) – वॉंत – खवॉंदन, झिंगन (गाणे) – झॉंग – खझॉंगन

ए – अ – ओ : नेमन – नम – खनोमन, स्प्रेकन (बोलणे) – स्प्रक – खस्प्रोकन

ए – अ – ए : खेवन – खफ – खखेवन, लेझन (वाचणे) – लस – खलेझन

आ – ऊ – आ : द्राखन (वाहून नेणे) – द्रूख – खद्राखन

सातव्या ओळीत भूतकाळी ई येतो. मूळ स्वर मात्र वेगवेगळे : लोपन – लीप. स्लापन (झोपणे) – स्लीप. रूपन (हाक मारणे) – रीप.

म्हणजे ही यादी मुळी यादी नव्हतीच. ती सात ओळींत उभी असलेली शिस्तशीर पलटण होती. मोठा शोध लागल्याच्या आनंदात मी ग्रंथालयातील भाषाशास्त्राचे पुस्तक उघडले, तर त्यात हेच सात गण फार पूर्वीच नोंदवलेले होते. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम याने १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन व्याकरणात अशा क्रियापदांना ‘सबल’ म्हटले. कारण भूतकाळ दाखवण्यासाठी ती बाहेरच्या प्रत्ययाची मदत घेत नाहीत, आपल्याच स्वराच्या बळावर उभी राहतात. प्रत्ययाचा टेकू घेणारी ती ‘दुर्बल’. गंमत अशी की, ज्यांना आपण ‘नियमित’ म्हणून शाबासकी देतो ती ग्रिमच्या हिशेबी दुर्बल, आणि ‘अनियमित’ म्हणून बाजूला काढतो ती सबल!

संस्कृतशी नाते

हा स्वरबदल आला कोठून? त्याचे उत्तर शोधताना मी वेंगुर्ल्याच्या वखारीतून निघून संस्कृतच्या तासाला येऊन पोहोचले. डच, जर्मन, इंग्रजी या भाषा आणि आपल्या संस्कृत, मराठी या भाषा एकाच भारोपीय कुळातल्या, हे आपण अभ्यासक्रमात शिकतो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाविषयी केलेल्या भाषणाचा उल्लेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पण ते नाते असे क्रियापदाच्या पोटात दिसेल, असे मला वाटले नव्हते.

डच ‘बैतन’ म्हणजे चावणे. त्याची रूपे ‘बैतन – बेत – खबेतन’. याच मूळ धातूपासून आलेला संस्कृत धातू ‘भिद्’, म्हणजे फोडणे. त्याचे परोक्ष भूतकाळाचे रूप ‘बिभेद’ आणि धातुसाधित ‘भिन्न’. ‘बेत’ आणि ‘बिभेद’ ही शेजारी ठेवून पाहावीत. दातांनी फोडणे म्हणजेच चावणे, इतकाच अर्थाचा फरक.

तसेच ‘बीदन – बोत – खबोदन’. त्याच्याशी नाते सांगणारा आपला धातू ‘बुध्’ : बोधति, बुबोध, बुद्ध. मूळ अर्थ जागे असणे, जाणीव होणे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘जाणणे’कडे गेला, डचमध्ये ‘पुढे करणे, देऊ करणे’कडे गेला. पण धातूच्या स्वराने कधी फुगावे आणि कधी आखडावे, याची रीत दोघांत एकाच घरातून आलेली आहे. पाणिनीच्या परंपरेत जिला आपण ‘गुण’ म्हणतो, ती ही रीत. ‘बुध्’चा ‘बोध’ होतो आणि ‘बुद्ध’ या धातुसाधितात मात्र गुण होत नाही. डच सबल क्रियापदांतील स्वरबदल हे त्याच जुन्या व्यवस्थेचे वंशज आहेत.

धातुसाधितांचे प्रत्ययही पाहण्याजोगे आहेत. संस्कृतात काही धातूंना ‘त’ लागतो (कृत, गत, श्रुत) आणि काहींना ‘न’ (भिन्न, छिन्न, पूर्ण). डचमध्ये दुर्बल क्रियापदांना ‘त’ लागतो (खमाक्त) आणि सबलांना ‘अन’ (खबेतन). हे दोन प्रत्यय एकाच मूळ जोडीतून आलेले आहेत.

‘वेतन’ (जाणणे) या क्रियापदाची कथा तर याहून मजेची. ‘मला माहीत आहे’ याला डच लोक ‘इक वेत’ म्हणतात. रूप दिसते वर्तमानकाळाचे, पण मुळात ते परोक्ष भूतकाळाचे आहे : ‘मी पाहिले आहे, म्हणून मला ठाऊक आहे.’ संस्कृतातील ‘विद्’ धातूचे ‘वेद’ हे रूपही नेमके असेच. रूप भूतकाळाचे आणि अर्थ ‘जाणतो’. जुने भूतरूप वर्तमानाच्या कामाला लागल्यामुळे डच भाषेला भूतकाळासाठी नवे रूप घडवावे लागले, ते ‘विस्त’. पाठ करणाऱ्याला ते नुसते अनियमित दिसते.

‘वस’ आणि ‘वारन’

‘असणे’ हे क्रियापद सर्वांत विचित्र. ‘इक बेन’ म्हणजे मी आहे, ‘है इस’ म्हणजे तो आहे, ‘इक वस’ म्हणजे मी होते, ‘वै वारन’ म्हणजे आम्ही होतो. एकाच क्रियापदाची ही रूपे म्हणावीत तरी कशी? खरे म्हणजे येथे तीन धातू एका संसारात नांदत आहेत. ‘बेन’मध्ये संस्कृत ‘भू’चा भाऊ आहे, ‘इस’मध्ये ‘अस्ति’चा, आणि ‘वस’मध्ये ‘वस्’चा, म्हणजे आपल्या वसणे, वस्ती, निवास या शब्दांतील धातूचा. डच माणूस ‘मी होतो’ म्हणताना मुळात ‘मी वसलो होतो’ असे म्हणत असतो.

पण एकवचनी ‘वस’ आणि अनेकवचनी ‘वारन’, हा स चा र कसा झाला? हा प्रश्न केवळ डचचा नव्हता. जर्मानिक भाषांत अशी अनेक उदाहरणे होती आणि ग्रिमने सांगितलेल्या व्यंजननियमांना ती अपवाद ठरत होती. त्यांचा उलगडा कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७५ मध्ये केला, आणि त्यासाठी त्याला आधार मिळाला तो वैदिक संस्कृतातील स्वराघाताचा. वेदांत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर आघात आहे हे खुणांनी जपून ठेवलेले आहे. परोक्ष भूतकाळाच्या एकवचनात हा आघात धातूवर असतो आणि अनेकवचनात तो प्रत्ययावर जातो. व्हर्नरने दाखवून दिले की, प्राचीन जर्मानिकमध्येही आघात असाच सरकत होता. आघात आधी असला तर स तसाच राहिला. आघात पुढे गेला तर स मऊ होऊन झ झाला आणि पुढे त्याचा र झाला. नंतर त्या भाषांतील सरकता आघात नाहीसा झाला, पण त्याची खूण ‘वस – वारन’मध्ये राहिली. ज्यांना अपवाद म्हणत होते त्यांच्यामागे नियम होता. तो डोळ्यांआड झाला होता, इतकेच.

भाषा अशी खूण सगळीकडे जपतेच असे नाही. ‘व्रीझन’ (गोठणे) याचा भूतकाळ ‘व्रोर’. येथे अनेकवचनातील र एकवचनातही पसरला. ‘कीझन’ (निवडणे) याचे धातुसाधित आता ‘खकोझन’ आहे. तेथे झ ने र ला हटवले. तरी ‘खास निवडलेला’ या अर्थाच्या ‘औतवरकोरन’ या शब्दात जुना र अजून बसलेला आहे. घर बदलले तरी एखादी जुनी पेटी माळ्यावर राहावी, तसा.

अपवाद टिकतात कसे?

नवे क्रियापद डच भाषेत आले की ते बहुतेक दुर्बलच होते. सायकल आली, ‘फीत्सन’ (सायकल चालवणे) आले, त्याचा भूतकाळ ‘फीत्स्ते’. संगणक आला, ‘डाउनलोडन’ आले, त्याचा भूतकाळ ‘डाउनलोडदे’. मग जुनी सबल क्रियापदे अजून का उरली आहेत? सगळीच ‘ते–दे’च्या रांगेत का गेली नाहीत?

याचे उत्तर त्यांच्या अर्थांकडे पाहिले की मिळते. असणे, जाणे, येणे, पाहणे, देणे, घेणे, खाणे, पिणे, झोपणे, बोलणे ही रोज तोंडात असलेली क्रियापदे आहेत. लहान मूल ती रूपे दिवसातून अनेकदा ऐकते, म्हणून ती त्याच्या कानात पक्की बसतात. जे क्रियापद महिन्यातून एकदा कानी पडते त्याचे जुने रूप आठवत नाही आणि माणूस सोयीचा प्रत्यय लावून मोकळा होतो. ‘वसन’ (धुणे) याचा जुना भूतकाळ ‘वीस’ असा होता, आता ‘वस्ते’ म्हणतात. ‘लखन’ (हसणे) याचेही ‘लख्ते’ झाले. मात्र दोघांची धातुसाधिते ‘खवसन’, ‘खलखन’ अशी जुन्या पद्धतीचीच आहेत. एक पाय जुन्या घरात, एक नव्या घरात.

हे केवळ अनुमान नव्हे. डचची बहीण असलेल्या इंग्रजीविषयी एरेझ लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतील १४५ अनियमित राहिली होती आणि आजच्या इंग्रजीत ९८. वापर शंभरपट कमी असेल तर क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असेही त्यांना आढळले. इंग्रजीतील ‘हेल्प’चा जुना भूतकाळ जाऊन तेथे ‘हेल्प्ड’ आले. डचमध्ये मात्र ‘हेल्पन – हील्प – खहोल्पन’ अजून चालू आहे.

डचपासून निघालेल्या आफ्रिकान्स भाषेचे उदाहरण तर फार बोलके आहे. १६५२ मध्ये डच कंपनीने दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात वसाहत केली. तेथे डच लोकांबरोबरच मूळचे खोईखोई लोक आणि आशिया-आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम ही भाषा बोलू लागले. त्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे लोकही होते. पुष्कळांनी ती मोठेपणी, कानावर पडेल तशी शिकली. तीतून घडलेल्या आफ्रिकान्समध्ये साधा भूतकाळ जवळजवळ नाहीसा झाला; सगळीकडे साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित यांवर भागवले जाते. उरली ती ‘वस’ (होता) आणि शकणे, इच्छिणे यांसारख्या साहाय्यक क्रियापदांची थोडी रूपे. म्हणजे सगळे वाहून गेले तरी, ज्यांच्याविना दिवस जात नाही ती रूपे जागची हलली नाहीत.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. ‘स्ख्रैवन’ हा शब्द लॅटिनमधून उसना घेतलेला; पण तो इतक्या जुन्या काळी आला की पहिल्या गणात जाऊन बसला. ‘व्राखन’ (विचारणे) हे मुळात दुर्बल होते. सहाव्या गणाची ऐट पाहून त्याने ‘व्रूख’ हा सबल भूतकाळ घेतला, धातुसाधित मात्र ‘खव्राख्त’ असे दुर्बलच ठेवले. जुना नियम पुरता मेलेला नव्हता, याचा हा पुरावा.

आपल्या घरात

एवढे झाल्यावर मी आपल्या मराठीकडे वळून पाहिले. आपला नियमित भूतकाळ ‘ला’चा : बस–बसला, पड–पडला, उठ–उठला. मग ‘कर’चे ‘करला’ का होत नाही? माझी चार वर्षांची भाची ‘केलंय’च्या जागी ‘करलंय’ म्हणते आणि आम्ही हसतो. खरे तर तिने नियम अचूक ओळखलेला असतो. तिला ठाऊक नसते ते इतकेच, की ‘केला’ त्या नियमाने तयार झालेले नाही. संस्कृत ‘कृत’चे प्राकृतात ‘कय’ झाले, त्याला ‘ल’ जोडला जाऊन ‘केला’ आले. तसेच ‘गत’पासून ‘गेला’ आणि ‘मृत’पासून ‘मेला’. ‘जाणे’ हे ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गम्’चे, ‘होणे’ हे ‘भू’चे आणि ‘झाला’ हे ‘जन्’चे. डचच्या ‘बेन – इस – वस’सारखाच हा एकत्र कुटुंबाचा प्रकार. आणि आपलीही अशी क्रियापदे तीच : करणे, जाणे, येणे, होणे, खाणे, पिणे, देणे, घेणे.

एक साम्य तर मला फारच आवडले. डच ‘दे’ हा प्रत्यय मुळात ‘दून’ (करणे) या क्रियापदाच्या भूतकाळातून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे नियमित भूतकाळ हा मुळात ‘अमुक केले’ असा होता. आज आपण काय करतो? ‘फोन केला’, ‘डाउनलोड केले’, ‘रिचार्ज केला’. नव्यातल्या नव्या शब्दाचा भूतकाळ आपण ‘केला’ला, म्हणजे आपल्या एका जुन्या ‘अनियमित’ रूपाला, जोडून चालवतो. अपवादाच्या खांद्यावर नियम उभा आहे!

आता ‘पाऊस इलो’. मालवणीत पुल्लिंगी एकवचनाला ‘ओ’, स्त्रीलिंगीला ‘ई’ आणि नपुंसकलिंगीला ‘आ’ लागतो : तो गेलो, ती गेली, ता गेला, तो इलो, ती इली, ता इला. म्हणून आम्ही ‘काय झाले?’ न म्हणता ‘काय झाला?’ म्हणतो, आणि परगावचे लोक समजतात की आम्हांला लिंग कळत नाही. आम्हांला ते चांगले कळते. आमचा ‘आ’ नपुंसकलिंगाचा आहे, एवढेच. आणि पुल्लिंगाचा ‘ओ’? महाराष्ट्री प्राकृतातही पुल्लिंगी प्रथमेच्या एकवचनाला ‘ओ’च होता : देवो, पुत्तो. म्हणजे नियम आहे, आणि त्याच्यासारखा नियम जुन्या ग्रंथांतही आहे.

गुरुजींना मी दोष देत नाही. परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी लागते आणि ती त्यांनी आम्हांला मनापासून शिकवली. हा लेखही मी त्याच भाषेत लिहू शकले. ‘येथे आला लिही’ हे त्यांचे सांगणे योग्यच होते. ‘ह्याला नियम नाही’ हे मात्र बरोबर नव्हते. एखादे रूप आपल्या नियमात बसत नाही, याचा अर्थ ते बेशिस्त आहे असा नव्हे. कदाचित ते दुसऱ्या नियमाने चालत असेल, कदाचित आपल्यापेक्षा जुन्या नियमाने. तो शोधावा लागतो. व्हर्नरने शोधला, म्हणून अपवादांचा सिद्धान्त झाला.

आणि अशी रूपे टिकतात ती व्याकरणकारांनी जपली म्हणून नव्हे, तर चुलीपाशी, शेतात, होडीत रोज बोलली जातात म्हणून. ती टिकवणारी बहुतेक माणसे कधी शाळेत गेलेलीही नसतात.

कॉलेजातून संध्याकाळी घरी पोचले की आई पडवीतूनच विचारते, ‘इलंस गो?’ पाचवीपासून मी तिला ‘आले’ असे उत्तर देत होते. हल्ली ‘इलंय’ म्हणते.